हलकं पाकीट

१

नानांचा दिवस पाकिटापासून सुरू व्हायचा. डोळा उघडला की हात आधी मागच्या खिशाकडे जायचा. रात्रीच्या पायजम्याला मागचा खिसाच नव्हता, त्यामुळे रोज सकाळी घरात चोरी झालेली असायची.

“चिमे, माझं पाकीट कुणी नेलं?”

पाकीट उशीखाली सापडायचं. तिथे नसलं तर बुटात, बुटात नसलं तर फ्रीजमध्ये अंड्यांच्या शेजारी. ते सापडेपर्यंत नाना चहाला तोंड लावायचे नाहीत आणि ताईला आंघोळीला जाऊ द्यायचे नाहीत. ताई म्हणजे त्यांची थोरली लेक. पन्नाशीला आलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची नोकरी करणारी. धाकटा भाऊ ताई म्हणायचा म्हणून सगळेच तिला ताई म्हणायचे. चिमी म्हणणारे एकटे नाना उरले होते.

नानांनी जन्मभर घरोघर हिंडून पाण्याची मीटरं वाचली. जिने चढले, कुत्र्यांशी भांडले, आणि वाटेत ज्याने जे हातात दिलं ते पाकिटात कोंबलं. होता होता पाकिटाची वीट झाली. खुर्चीत बसलं की ती वीट त्यांना एका अंगाने उचलून धरायची, त्यामुळे नाना कायम कलंडलेले. आई होती तेव्हा म्हणायची, “या माणसाला सरळ बघायचा योग माझ्या नशिबात नाही.”

आताशा त्यांना दिवस-रात्र कळेनाशी झाली होती. रात्री उठून ते दार आतून ठोठावायचे. अंथरूण ओलं व्हायचं, आणि ते बदलायला गेलं की ताईचं मनगट पिरगाळायचे. सकाळी त्यांना काहीच आठवायचं नाही. ताई मनगटावर घड्याळ चढवायची आणि दुकानात जायची. झोप म्हणजे काय असतं हे ती विसरत चालली होती.

एका रविवारी ती जेवणाच्या टेबलापाशी पाकीट घेऊन बसली. डॉक्टरांनीच सांगितलं होतं: म्हातारा माणूस हरवला तर लोक पाकीट उघडून बघतात, त्यात पटकन दिसेल असं एक कार्ड ठेवा, बाकी कचरा काढून टाका. ताईने वीट फोडायला घेतली. मेलेल्या माणसांची व्हिजिटिंग कार्डं. बंद पडलेल्या दवाखान्यांच्या पावत्या. शाई उडालेले बसपास. धाकट्याचा शाळेतला फोटो, त्यावर पडलेली चहाची गोल खूण. चष्म्याच्या दुकानाचं जुनं कार्ड, त्याच्या पाठीवर नानांच्या अक्षरात ‘चिमी इथे असते’. मीटर खात्याचं ओळखपत्र, ज्याची मुदत कधीच संपली होती. ते तिने कात्रीने मधोमध कापलं, कारण मुदत संपलेली कार्डं कापूनच टाकावीत असं कुठेतरी वाचलं होतं.

नाना समोर बसून बघत होते. खिसा कापला जाताना एखाद्याला जाग यावी आणि तोंडातून आवाज फुटू नये, तसे.

शेवटी पाकिटात आईचा फोटो राहिला, थोड्या नोटा राहिल्या, आणि नवं कोरं कार्ड: नाव, पत्ता, फोन.

नानांनी पाकीट हातावर तोलून बघितलं. “एवढ्यावर मला ओळखणार कोण?”

“ओळखायची गरजच नाही, नाना,” ताई म्हणाली. “पत्ता वाचता आला म्हणजे झालं.”

२

त्याच आठवड्यात नाना हरवले.

दिवसा त्यांच्याजवळ एक मावशी असायच्या. त्या मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होत्या, दाराची कडी नीट बसली नव्हती, आणि तेवढ्यात नाना गेले. ताई दुकानातून धावत आली. दोघी गल्ल्या पालथ्या घालत होत्या. बागेतले बाक पाहिले, बसथांबे पाहिले, दोन दवाखाने पाहिले. भाऊ दुसऱ्या शहरातून सारखा फोन करत होता आणि ताईला, जणू तिला सुचलंच नसतं, “बागेत बघितलंस का?” म्हणून विचारत होता.

दिवेलागणीच्या सुमारास एक टॅक्सी दाराशी थांबली. एक सभ्यसा गृहस्थ उतरला. त्याच्या हातात नवं कोरं कार्ड होतं.

“हाच पत्ता ना? पुलाच्या कठड्याशी उभे होते. बोलत काही नव्हते, नुसतं पाकीट पुढे केलं. उघडलं तर कार्ड. बरं झालं ठेवलंत, नाहीतर कुणाचे कोण, कसं कळणार?”

ताईने टॅक्सीत डोकावलं. तोच निळा शर्ट. तीच चप्पल. तीच पिकलेली दाढी, दोन दिवसांची. तिने त्या गृहस्थाचे आभार मानले, मावशींनी एका बाजूने धरलं, तिने दुसऱ्या, आणि त्यांना आत आणलं.

पुढे कितीदातरी तिने तो क्षण आठवून पाहिला. आपण शर्ट बघितला होता. चप्पल बघितली होती. चेहरा बघितला होता का?

त्या रात्री नानांनी ताटातलं सगळं संपवलं. हात धुतले. पलंगावर जाऊन आडवे झाले आणि सकाळपर्यंत घरात चिटपाखरू असल्याचाही आवाज झाला नाही. ताईला घड्याळाच्या गजराने जाग आली. कितीतरी दिवसांनी तिला गजर ऐकू आला होता.

३

आणि मग सगळं सोपं झालं.

नाना वेळेवर उठायचे. औषध दिलं की घ्यायचे. अंथरूण कोरडं. दार कुणी ठोठावत नव्हतं. सकाळी त्यांनी पाकीट मागितलं नाही तेव्हा ताई आपणहून द्यायला गेली. त्यांनी ते हातात घेतलं, बघितलं आणि टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवून दिलं. मग ते तिथेच पडून राहिलं.

“बघ, म्हटलं नव्हतं?” भाऊ फोनवर म्हणाला. “घाबरले असतील रस्त्यात. एक दणका बसला की डोकं ठिकाणावर येतं.”

डॉक्टर म्हणाले, या आजारात असे चांगले दिवस येतात. का येतात ते विचारू नका, आलेत तोवर झोपून घ्या. ताईने सल्ला शिरसावंद्य मानला. ती झोपली. रविवारी दुपारी झोपली, दुकानातून आल्यावर झोपली. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी झाली. मनगटावरचे डाग पिवळे पडून गेले. शेजारीण म्हणाली, “ताई, हल्ली तू माणसात आलीस.”

खटकायचं ते अगदी बारीक होतं. नाना खुर्चीत ताठ बसत. पाकीटच खिशात नाही म्हटल्यावर माणूस ताठच बसणार, ताईने स्वतःला समजावलं. पण जन्मभराची सवय अशी एका आठवड्यात जाते? प्लास्टर काढलं तरी पाय काही दिवस जड वाटतो.

आणि ते तिला ‘बाळ’ म्हणू लागले होते. “बाळ, पाणी दे.” “बाळ, दार लावलंस ना?” आवाज नानांचाच. नावं विसरतात म्हातारी माणसं, त्यात नवल काय.

एकदा तिने पाकिटातला आईचा फोटो काढून त्यांच्यासमोर धरला. “ही कोण सांगा बरं?”

नानांनी फोटो दोन्ही हातांनी घेतला. निरखून पाहिला. मग हसून परत दिला, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्यांच्या पाहुण्यांचे फोटो बघून आपण देतो तसा.

“छान आहेत,” ते म्हणाले.

४

दुकानातली डोळे तपासायची खोली अंधारी असते. ताई दिवसभर तिथे लोकांच्या नाकावर फ्रेम ठेवून भिंगं बदलायची आणि विचारायची, “हे स्पष्ट दिसतं की हे?” निम्मे लोक शेवटी कंटाळून म्हणायचे, “दोन्ही सारखंच.”

अशाच एका दुपारी मालकांनी दारातून सांगितलं, “ताई, तुमचा फोन. बाहेरच्या नंबरवर.”

बाहेरचा नंबर म्हणजे दुकानाचा जुना फोन. त्यावर ताईसाठी कधीच कुणी फोन करत नसे.

“चष्म्याचं दुकान ना?” एक बाई बोलत होती. पाठीमागे शिलाईयंत्रं चालू होती. “तुमच्याकडे कुणी चिमी म्हणून आहे का? इथे एक आजोबा येऊन बसलेत. शहराबाहेर, बस वळतात ना, तिथे आमचा कारखाना आहे. फार चाललेले दिसतात. पाकिटात तुमच्या दुकानाचं कार्ड मिळालं, मागे लिहिलंय.”

ताईने मालकांकडे पाठ केली. “काय नाव सांगतात?”

“नाव नाही सांगत. पण ओळखपत्र आहे. थांबा हं, केवढं जाड पाकीट आहे हे, बापरे. हे बघा. पाणी खात्याचं आहे. फोटो त्यांचाच आहे. मधोमध कापलंय, पण चिकटवून ठेवलंय नीट.”

ताईने थांबा म्हटलं आणि आपल्या मोबाइलवरून घरी फोन लावला. मावशींनी उचलला. “नाना? हे काय समोर बसलेत. देऊ का?”

“नको.” तिने दुसरा फोन पुन्हा कानाला लावला. “माझे वडील घरी आहेत. काहीतरी गैरसमज झालाय तुमचा.”

“असं का?” बाई जरा हिरमुसली. “बरं, विचारून बघते त्यांना परत. अहो आजोबा... अहो, आता तर इथेच होते.”

संध्याकाळी ताईने भावाला सगळं सांगितलं. भाऊ लगेच म्हणाला, “फसवणारे असतात, ताई. कचऱ्यातून कागद उचलतात आणि लोकांना गाठतात. तू काही कबूल नाही ना केलंस? पुढच्या वेळी उचलूच नकोस.”

पटण्यासारखं होतं. कचरा तिनेच टाकला होता, गाडीवाल्याने तिच्यासमोर नेला होता. एखाद्या भ्रमिष्ट म्हाताऱ्याला तो सापडला असेल. खिशात काही नसलेला माणूस दिसेल ते भरून घेतो. ओळखपत्रावरच्या फोटोत सगळेच म्हातारे एकसारखे दिसतात. ताईने मनाशी हिशेब जुळवला आणि जेवायला बसली. समोर नाना ताठ बसून जेवत होते. घास मोजून मापून. एक शीतही सांडत नव्हतं.

“कुणाचा फोन होता, बाळ?” त्यांनी विचारलं.

फोन दुकानात आला होता. भावाशी ती गच्चीवर जाऊन बोलली होती.

“कुणाचा नाही,” ताई म्हणाली.

५

मावशींनी काम सोडायचं ठरवलं. पगार वाढवते म्हटलं तरी ऐकेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

“माणूस चांगला आहे, ताई. आधी मला शिव्या घालायचे, पाण्याचा पेला फेकायचे, तेव्हा नाही सोडलं मी. आता तर काही त्रास नाही.”

“मग?”

“मी मागे गेले ना, की ते दाराशी जाऊन उभे राहतात. रोज.”

“बाहेर जायला बघत असतील. कडी लावत जा.”

“कडी ते स्वतःच लावतात.” मावशींनी आवाज उतरवला. “बाहेर जायला नाही हो ताई. खांदा दाराला टेकवून उभे असतात. बाहेरून कुणी ढकलत असेल तर आपण कसं उभं राहू, तसं.”

मावशी गेल्या. ताईने दुकानातून काही दिवसांची रजा काढली. दुसरं कुणी मिळेपर्यंत नानांना एकटं ठेवून कसं चालेल? पण घरात दोघंच असताना तिला कळलं, की त्यांना तिची गरजच नव्हती. ते वर्तमानपत्र उघडून बसायचे. पान उलटायचे. डोळे ओळींवरून सरकायचे नाहीत. ताई स्वयंपाकघरात असली की बाहेरच्या खोलीत पानाचा आवाज यायचा, ठरावीक वेळाने, आणि ती डोकावली की नाना वर बघून हसायचे. ती डोकावण्याच्या जरासं आधी हसू तयार असायचं.

दुकानाच्या मालकांचा फोन आला. “ताई, तुमच्यासाठी एक न्हावी फोन करतोय. पुलाच्या अलीकडे त्याचं दुकान आहे. म्हणतो, एक आजोबा आलेत, पायाला फोड आलेत, चिमी चिमी करतायत. मी म्हटलं, आमच्या ताईंचे वडील तर घरी आहेत. काय सांगू त्याला?”

पुलाच्या अलीकडे. म्हणजे शहर ओलांडून तो इकडे येत होता. पायी.

चिमी हे नाव कार्डावर लिहिलेलं होतं. कुणीही वाचून म्हणू शकतं. ताईने हे स्वतःशी एकदा म्हटलं, आणि ते पुरेना म्हणून पुन्हा म्हटलं.

“चूक झाली आहे म्हणून सांगा,” ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीत पान उलटल्याचा आवाज आला.

६

कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने फोन केला नाही. तो ताईला ओळखत होता. त्याच्या पोराला तिनेच पहिला चष्मा लावून दिला होता. ताई दूध आणायला निघाली तेव्हा भर सकाळची उन्हं होती, आणि त्याने इस्त्री हातात धरूनच हाक मारली.

“ताई, बरं झालं दिसलात. जरा या बघू.”

दुकानाच्या पुढ्यात गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं होतं. त्यावर रस्त्याकडे पाठ करून एक म्हातारा माणूस बसला होता. शर्ट निळा असावा, आता त्याला रंग राहिला नव्हता. पाय अनवाणी होते आणि त्यांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. तो एका अंगाला कलंडून बसला होता.

ताई रस्त्याच्या पलीकडेच थांबली.

लाँड्रीवाला स्वतः रस्ता ओलांडून आला. हळू आवाजात म्हणाला, “तुमच्या वडिलांना मी फार दिवसांत बघितलं नाही, म्हणून खात्री नाही वाटत. अंगाने निम्मे झालेत. पण मला वाटलं, तेच असावेत. पाकीट काढून सारखं चाचपतायत. सगळं बाहेर काढतात, परत भरतात. मी विचारलं, काय शोधताय, तर म्हणाले, ‘हिचा फोटो कुठे गेला?’ तेवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो.”

बाकड्यावरच्या माणसाची मान खाली होती. दोन्ही कोपरं हलत होती. मांडीवर काहीतरी एकेक करून मांडलं जात होतं. वाऱ्याच्या झुळकीने एक कागद उडाला, आणि त्या माणसाने झडप घालून तो छातीशी धरला. ती झडप ताईने ओळखली. मनगटावर ओळखली.

रस्ता रुंद नव्हता. दहा पावलं टाकली की झालं असतं. ताईला ती पावलं दिसत होती. त्यांच्या पुढचंही दिसत होतं. ओलं अंथरूण. आतून ठोठावलं जाणारं दार. फ्रीजमध्ये, बुटात, गादीखाली शोधाशोध. किती वर्षं, कुणास ठाऊक. आणि घरी असलेल्याचं काय करायचं? त्याला काय सांगायचं? तो ऐकेल?

विचार एवढे आले, पण खरं सांगायचं तर ती काही ठरवत नव्हती. तिचे पाय थकलेले होते. पन्नाशीची बाई, हातात रिकामी पिशवी, उन्हात उभी. तिला बसायचं होतं.

“ताई?” लाँड्रीवाला म्हणाला. “तुमचेच ना?”

“नाही,” ताई म्हणाली. “माझे वडील घरी आहेत.”

ती हळूच बोलली होती. तरी पलीकडच्या बाकड्यावर हात थांबले. मान वर आली. आवाज कुठून आला ते हुडकत ती मान आधी एका बाजूला वळली, मग सावकाश दुसऱ्या बाजूला, रस्त्याकडे वळू लागली.

कान दिसला. गालाचं हाड दिसलं. ताईने पाठ फिरवली.

“चौकीवर कळवा,” चालता चालता ती म्हणाली. “त्यांच्याकडे सोय असते अशा लोकांची.”

मागून कुणी हाक मारली नाही. मारली असती, तर ती थांबली असती, असं तिला पुढे अनेकदा वाटलं.

७

दूध घ्यायचं राहूनच गेलं. जिना चढताना तिच्या लक्षात आलं, पण परत खाली उतरण्याचं त्राण नव्हतं. किल्ली काढायला तिने पर्स उघडली, आणि आतून कडी निघाल्याचा आवाज आला.

दार थोडंसं उघडलं. फटीत नाना उभे होते. ताठ. खांदा अजून दाराला टेकलेला. त्यांना धाप लागली होती आणि कपाळावर घाम होता. घरात बसून राहिलेल्या माणसाला येऊ नये इतका.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या खांद्यावरून, रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी नळ वाहत होता, तेवढाच आवाज.

“गेला?” त्यांनी विचारलं.

कोण, असं ताईने विचारायला हवं होतं. शब्द ओठापर्यंत आलाही. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग ते उत्तर घेऊन तिला कुठेतरी उभं राहावं लागलं असतं. तिच्याकडे तेवढं बळ नव्हतं.

“गेला,” ती म्हणाली.

म्हातारा दारातून बाजूला झाला, आणि ताई आत गेली.